शिक्षणसंस्थेच्या निवडणुकीसाठी मानधनावर नेमलेला अधिकारी : एका सेवेचे परीक्षण

फोंडा तालुक्यातील आमच्या शिक्षणसंस्थेने कार्यकारी मंडळाची मागील निवडणूक प्रथमच बाहेरच्या, मानधन घेऊन काम करणाऱ्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे सोपवली. हे गृहस्थ महसूल खात्यातून निवृत्त झालेले आहेत. नोकरीच्या काळात त्यांनी विधानसभा आणि पंचायत निवडणुकांचे काम पाहिले होते. आता दोन सहायकांना बरोबर घेऊन ते शिक्षणसंस्था, क्रीडामंडळे आणि निवासी वसाहतींच्या संघटना यांच्या निवडणुका घेऊन देतात. पुढे काही उणिवाही नोंदवायच्या असल्यामुळे त्यांचे नाव येथे दिलेले नाही. एकंदर मत मात्र आधीच सांगून टाकावे हे बरे : मतदार यादी आणि छाननी या दोन कामांसाठी दिलेले पैसे पुरेपूर वसूल झाले, मतदानाच्या दिवसाचे जेमतेम वसूल झाले, आणि निकालानंतरच्या कामात ही सेवा कमी पडली.

गोव्यात निवडणूक म्हटली की कोणी ना कोणी सरकारी अधिकारी समोर असतोच. ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. 10 ऑगस्ट 2022 रोजी 186 पंचायतींसाठी एकाच दिवशी मतदान झाले, ते याच आयोगाच्या देखरेखीखाली. देवस्थानांना 1933 चा महाजनीचा कायदा लागू असून त्याखाली मामलेदार हा प्रशासक असतो, त्यामुळे महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, निवडणुकीत तंटा झाला तर दाद कोणाकडे मागायची हे ठरलेले असते. कोमुनिदादींना, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांना, 1961 ची संहिता आहे, सहकारी संस्थांवर सहकार निबंधकांची नजर असते. आमच्यासारखी शिक्षणसंस्था मात्र 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असते, आणि त्या कायद्यात निवडणूक कोणी घ्यावी, कशी घ्यावी याविषयी काहीच सांगितलेले नाही. संस्थेच्या नियमांनी ज्यांच्याकडे कारभार सोपवला ते नियामक मंडळ, एवढीच व्याख्या कलम 16 मध्ये आहे. बाकी सर्व संस्थेच्या घटनेवर सोडलेले, आणि आमच्या घटनेत ‘निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी’ यापलीकडे एकही वाक्य नव्हते. आजवर मावळते चिटणीसच मतपत्रिका छापून आणत, तेच मतपेटीजवळ बसत आणि कित्येकदा तेच पुन्हा उमेदवारही असत.

दुसऱ्या बाजूला, निवडून येणाऱ्यांच्या हाती जाणारे अधिकार लहानसहान नाहीत. गोवा, दमण आणि दीव शालेय शिक्षण कायदा 1984 चा आणि त्याखालील नियम 1986 चे. त्यांनुसार मान्यताप्राप्त खाजगी शाळेला व्यवस्थापन समिती असावी लागते. अनुदानित शाळेतील शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून येतो, पण नेमणुकीचे पत्र व्यवस्थापनाच्या सहीने निघते, आणि संस्थेची निवडणूक चुरशीची होते ती मुख्यतः या एका सहीसाठी. (शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 खालील, तीन-चतुर्थांश पालक असलेली शाळा व्यवस्थापन समिती ही निराळी, अनुदानित शाळांत तिचे काम केवळ सल्ला देण्याचे असते. आमच्या सभेत या दोहोंची गल्लत करून बराच वेळ गेला, म्हणून हा उल्लेख.)

ही सेवा घेताना पहिला आणि सर्वांत अवघड प्रश्न येतो तो नेमणूक कोणी करावी, हा. मावळत्या मंडळाने अधिकारी नेमला आणि त्याचे मानधनही ठरवले, तर तो कितीही सचोटीचा असला तरी विरोधी गट त्याला मंडळाचाच माणूस म्हणणार. न्यूझीलंडमध्ये 1989 पासून सरकारी शाळांना पालकांनी निवडून दिलेली मंडळे आहेत, आणि तेथे निवडणूक अधिकारी नेमण्याचे काम शाळेच्या मंडळाकडेच असते; परंतु तेथे निवडणुकीची कार्यपद्धती कायद्याने आणि नियमांनी बांधलेली असल्यामुळे नेमणारा कोण याला फारसे महत्त्व उरत नाही. आपल्याकडे पद्धतच लिहिलेली नसल्यामुळे नेमणाराच सर्व काही ठरवू शकतो. आमच्या सुदैवाने या अधिकाऱ्यांनी स्वतःच, काम स्वीकारण्यापूर्वी, सर्वसाधारण सभेचा ठराव मागितला. ठरावात त्यांचे नाव, मानधनाची रक्कम, निवडणुकीचा कार्यक्रम, आणि ‘मतदार यादी, छाननी व मतमोजणी याबाबत त्यांचा लेखी निर्णय संस्थेपुरता अंतिम राहील’ हे वाक्य त्यांनी आग्रहाने घालून घेतले. या वाक्यामुळे दिवाणी न्यायालयाचा रस्ता बंद होत नाही, हे त्यांनी सभेतच स्पष्ट केले. कायद्याने दिलेला कोणताही अधिकार या माणसाकडे नसतो. तो कोणाला समन्स काढू शकत नाही की पोलिसांना हुकूम देऊ शकत नाही. त्याची सारी सत्ता त्या ठरावात आणि नेमणूकपत्रात असते. हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे असा अधिकारी मिळणे, हीच या सेवेतील पहिली जमेची बाजू म्हणावी लागेल.

मतदार यादीचे काम त्यांनी ज्या बारकाईने केले, त्याला तोड नाही. संस्थेची सभासदसंख्या कागदावर सातशेच्या घरात होती, पण त्या कागदाला कोणी वर्षानुवर्षे हात लावलेला नव्हता. सभासद नोंदवही, वर्गणीच्या पावत्यांची पुस्तके आणि बँकेचे खातेउतारे अशा तिन्ही गोष्टी त्यांनी समोर ठेवून घेतल्या आणि सहायकांकडून ओळीने पडताळून घेतल्या. 1860 च्या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली आहे, त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणनाही होत नाही. ही तरतूद आमच्यापैकी अनेकांना ठाऊक होती, पण ती पाळायची म्हटली तर दोन्ही गटांतील माणसे गळतात म्हणून कोणी तिचे नाव काढत नसे. अधिकाऱ्यांनी कच्ची यादी लावताना थकबाकीदारांची वेगळी यादी शेजारी लावली आणि प्रत्येक नावापुढे थकबाकी कोणत्या महिन्यापासूनची आहे ते लिहिले. वर्गणी भरण्याची शेवटची तारीख ठरावातच असल्यामुळे, ऐनवेळी एका गटाने पदरचे पैसे भरून पन्नास माणसे जिवंत करायची, हा जुना खेळ या वेळी चालला नाही. मृत सभासदांची नावे वगळण्यासाठी मात्र त्यांनी घरच्यांचे पत्र किंवा मृत्यूचा दाखला मागितला. अमुक गेले हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, एवढ्यावर त्यांनी कोणाचेही नाव कापले नाही.

यादीतील खरी गुंतागुंत नावांच्या स्पेलिंगची होती, आणि ती गोव्याबाहेरच्या वाचकाला सहज कळणार नाही. आमच्या जुन्या आजीव सभासदांपैकी काहींची नावे पोर्तुगीज अमदानीतील दाखल्यांप्रमाणे रोमन लिपीत नोंदलेली आहेत. नोंदवहीत जो ‘पोरोब’ आहे तो आधार कार्डावर ‘प्रभू’ असतो; ‘सिनाय’ असलेल्याच्या मुलाने पुढे रीतसर नाव बदलून ‘शेणवी’ केलेले असते; आणि बोरकर, काकोडकर अशी आडनावे तर कधी ‘सी’ने तर कधी ‘के’ने लिहिलेली असतात. मागच्या एका निवडणुकीत एका गटाच्या प्रतिनिधीने याच कारणावरून वयोवृद्ध सभासदांना मतदान केंद्रावरून परत पाठवले होते. या वेळी अधिकाऱ्यांनी हरकतींच्या मुदतीतच अशा सर्व नावांची स्वतंत्र सुनावणी घेतली, जुना दाखला आणि आजचे ओळखपत्र यांत वडिलांचे नाव व गाव जुळते की नाही ते पाहिले, आणि अंतिम यादीत दोन्ही रूपे शेजारी शेजारी छापली. मतदानाच्या दिवशी नावावरून एकही वाद झाला नाही. माझ्या मते निम्मे मानधन या एका कामासाठी द्यायला हरकत नव्हती.

छाननीही तितकीच नेटकी झाली. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 आमच्यासारख्या संस्थेला लागू नाही, पण घटना जेथे मुकी आहे तेथे त्यातील तत्त्वे मार्गदर्शक धरावीत असे नेमणूकपत्रात लिहिलेले होते. त्या कायद्याच्या कलम 36 मध्ये, ठोस स्वरूपाची नसलेली त्रुटी दाखवून उमेदवारी अर्ज फेटाळू नये, असे सांगितले आहे. एका उमेदवाराने सूचकाचा सभासद क्रमांक लिहिताना अंक उलटसुलट केले होते. अर्ज वैध ठरला. दुसऱ्याचा अनुमोदक अंतिम यादीतच नव्हता. तो अर्ज बाद झाला. दोन्ही निर्णय अर्ध्या-अर्ध्या पानाचे, कारणांसह लिहिलेले होते आणि त्याच दुपारी फलकावर लागले. ज्यांचा अर्ज बाद झाला ते चिडले खरे, पण हातात कारणांचा कागद असल्यामुळे त्यांची तक्रार निर्णयाविषयी राहिली, माणसाविषयी झाली नाही. लेखी आदेश देण्याची ही सवय आमच्यातल्या कोणा मानद अधिकाऱ्याकडून, म्हणजे एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांकडून किंवा सर्वांना मान्य असलेल्या वकिलांकडून, आली असती का, याबद्दल मला शंका आहे. ओळखीच्या माणसाला नकार लिहून देणे फार जड जाते.

मतपत्रिका पंधरा जागांसाठी एकच होती, नावे देवनागरी वर्णक्रमाने आणि आडनाव आधी घेऊन छापली होती. जास्तीत जास्त पंधरा फुल्या आणि एका उमेदवाराला एकच मत, ही सूचना ठळक छापलेली होती. इंग्लंडमध्ये 1870 च्या कायद्याने जी शाळामंडळे आली, त्यांच्या निवडणुकीत मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सर्वच्या सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. लहान गटांना मंडळात शिरकाव मिळण्याचा तो एक मार्ग होता. आमच्या पद्धतीत ज्या पॅनेलची माणसे थोडी अधिक, त्याला बहुतेक सगळ्या जागा मिळतात, आणि तसेच झाले. हा दोष घटनेचा आहे, अधिकाऱ्यांच्या माथी तो मारता येणार नाही.

मतदानाचा दिवस रविवार होता आणि चतुर्थी व गावची जत्रा दोन्ही टाळून तो ठरवला होता. शाळेचे सभागृह, दोन टेबले, पडद्याआडचे चार कोपरे, दोन्ही गटांच्या प्रतिनिधींसमोर रिकामी दाखवून लाखेने मोहोरबंद केलेली पेटी : सारे यथासांग होते, पण यासाठी बाहेरचा माणूस हवाच असे नाही. शाळेतील शिक्षकांनी पंचायत आणि विधानसभेच्या निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून अनेकदा काम केलेले असते आणि त्यांना हे सर्व पाठ असते. अर्थात, ज्या मंडळाच्या हाताखाली नोकरी करायची त्याच मंडळाच्या निवडणुकीत शिक्षकांना बसवू नये, हे अधिकाऱ्यांचे म्हणणे मला पटले. सकाळी दोन्ही सहायक एकाच टेबलाशी अडकल्यामुळे रांग फाटकापर्यंत गेली आणि वृद्धांना उन्हात ताटकळावे लागले. ही गैरसोय टाळता आली असती.

मतमोजणीत एक प्रसंग लक्षात राहण्यासारखा घडला. काही मतपत्रिकांच्या माथ्यावर मतदाराने पेनने ‘श्री’ काढलेला होता. मतदाराची ओळख पटेल अशी खूण असलेली मतपत्रिका बाद करावी, असा नियम सार्वत्रिक निवडणुकांसाठीच्या 1961 च्या नियमांत आहे, आणि एका प्रतिनिधीने त्यावर बोट ठेवले. अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि अर्धे सभासद कोणत्याही कागदावर आधी ‘श्री’ काढणाऱ्या पिढीतले असताना त्या अक्षरावरून मतदार ओळखता येत नाही, असे लिहून त्या मतपत्रिका वैध धरल्या. जिच्यावर चक्क सही होती ती मात्र बाद केली. कायदा आणि समाज दोन्ही कळणाऱ्या माणसाचाच हा निर्णय. समान मते पडल्यास चिठ्ठी टाकण्याची तरतूद पत्रात होती, तिची गरज पडली नाही. फेरमोजणीचा एक अर्ज आला, तो मान्य झाला, आणि आकडे तेच राहिले.

आता पैशांविषयी. मानधन एकूण 40,000 रुपये ठरले होते, त्यात सहायकांचा मेहनताना धरलेला होता. छपाई, टपाल, चहापाणी आणि मंडप हा खर्च संस्थेचा. 10,000 रुपये नेमणूक स्वीकारल्यावर, 15,000 अंतिम यादी लागल्यावर आणि उरलेले 15,000 निकाल व कागदपत्रे हवाली केल्यावर, असे तीन हप्ते होते. ही रक्कम काही सभासदांना भारी वाटली. याआधीच्या निवडणुकीवरून झालेल्या दाव्यात वकिलांना काय द्यावे लागले, हे ज्यांनी हिशेबात पाहिले आहे त्यांना ती वाटली नाही. व्यावसायिक शुल्क वर्षभरात 50,000 रुपयांच्या वर गेले तरच त्यातून 10 टक्के टीडीएस (रक्कम देतानाच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) कापावा लागतो, त्यामुळे येथे कपातीचा प्रश्न आला नाही. परंतु मोठ्या संस्थांनी ठराव करतानाच रक्कम करासह की कराशिवाय, ते लिहून ठेवावे. खर्च संस्थेच्या खात्यातून व्हावा, शाळेच्या खात्यातून मुळीच नव्हे, हा खजिनदारांचा आग्रह योग्यच होता. सरकारी अनुदानाच्या खात्यात असा खर्च दिसला तर लेखापरीक्षणात खुलासा देता देता नाकी नऊ येतील.

शुल्काच्या रचनेत मला एक गोष्ट खटकली. निवडणूक बिनविरोध झाल्यास तिसरा हप्ता निम्मा होईल, अशी अट होती. वरवर पाहता ती वाजवी दिसते, कारण मतदानच नाही तर काम कमी. पण माघारीच्या दिवशी तडजोड होण्यात किंवा न होण्यात अधिकाऱ्याचा एक रुपयाचाही संबंध असू नये. आमच्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशी स्वतःला खोलीत बंद करून घेतले आणि कोणत्याही गटाशी बोलले नाहीत, हे खरे. तरीही अशी अट पुढे ठेवू नये असे माझे मत आहे. यादी आणि छाननी यांसाठी ठरावीक रक्कम, आणि मतदान झालेच तर त्या दिवसाचा सहायकांचा भत्ता निराळा, अशी विभागणी अधिक बरी. उमेदवारांकडून घेतलेल्या अर्जशुल्कातून मानधन द्यावे, ही सभेत आलेली सूचना अधिकाऱ्यांनी साफ नाकारली, तीही याच तत्त्वावर. ज्यांच्या अर्जांचा निवाडा करायचा त्यांच्याच खिशातून वेतन घेणे त्यांना मान्य नव्हते. प्रवासखर्च त्यांनी मागितला नाही, आणि मतदानाच्या दिवशी अध्यक्षांनी पाठवलेली गाडीही परत पाठवली.

उणिवा सांगायच्या तर, पहिल्या दोन सूचना केवळ इंग्रजीत काढल्या गेल्या. शाळा मराठी माध्यमाची आणि सभासदांतले निम्मे साठीच्या पुढचे असताना हे अनाकलनीय होते. बोलल्यावर मराठी मसुदे आले, पण ते सरकारी परिपत्रकासारखे इतके जड होते की चिटणिसांना फलकाशेजारी उभे राहून समजावून सांगावे लागले. मुंबई-पुण्याला स्थायिक झालेल्या सभासदांना टपालाने मत देता येईल का, या प्रश्नावर त्यांनी ‘घटनेत तरतूद नाही’ एवढेच उत्तर दिले, आणि तेही कार्यक्रम जाहीर झाल्यावर. उत्तर बरोबर होते, पण ते ठरावाच्या सभेत मिळाले असते तर बाहेरगावच्या सभासदांना वेळेवर तिकिटे काढता आली असती. इतका अनुभव असलेल्या माणसाला हा प्रश्न येणार हे आधी कळायला हवे होते.

सर्वांत मोठी कमतरता निकालानंतर दिसली. वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर चौदाव्या दिवसापर्यंत नव्या नियामक मंडळाची यादी संस्था निबंधकांकडे दाखल करावी, असे 1860 च्या कायद्याचे कलम 4 सांगते. त्या यादीसोबत जोडण्यासाठी निवडणूक अधिकाऱ्यांच्या सहीचा निकालपत्रक आणि निवडून आलेल्यांचे पूर्ण पत्ते हवे होते. निकालपत्रक लगेच मिळाला, पत्त्यांसाठी मात्र चिटणिसांना त्यांच्या घरी खेटे घालावे लागले, आणि मोजणीचे टेबलवार तक्ते तर मुदत टळायला आली तेव्हा हाती पडले. अनुभवी अधिकाऱ्यालाही निकाल वाचून झाला की काम संपले असे वाटते, पण संस्थेचे कागदी काम तेथून सुरू होते. तिसरा हप्ता कागदपत्रे हवाली झाल्यावरच द्यायचा असल्यामुळे संस्थेच्या हाती काही तरी होते. सगळी रक्कम आगाऊ देणाऱ्या संस्थेला तेवढेही उरले नसते.

ज्या संस्थेत सभासद शे-दीडशे असून सर्व एकमेकांना ओळखतात आणि वर्गणीचा हिशेब चोख आहे, तिने एवढा खर्च करण्याची गरज नाही. सर्वांना मान्य असलेला, संस्थेचा सभासद नसलेला एखादा वकील पुरेल. जेथे यादीच वादात आहे, आजीव सभासद जुने आहेत आणि मागच्या निवडणुकीचा दावा अजून न्यायालयात पडून आहे, तेथे ही सेवा घ्यावी आणि घासाघीस मानधनावर न करता नेमणूकपत्राच्या मजकुरावर करावी. आमच्या सभेने पुढील खेपेसाठी याच अधिकाऱ्यांना बोलवावे असे सुचवले आहे. मात्र सूचना मराठीत काढणे, टपाली मताचा प्रश्न ठरावातच निकालात काढणे आणि सर्व तक्ते मोजणीच्या दिवशीच सुपूर्द करणे, या अटी त्यात घातल्या आहेत. वापरलेल्या मतपत्रिका मोहोरबंद पाकिटात किती काळ आणि कोणाच्या ताब्यात ठेवायच्या, यावर या वेळच्या पत्रात काहीच नव्हते, त्यामुळे ते पाकीट सध्या दोन्ही गटांच्या सह्यांनिशी बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि लॉकरचे भाडे संस्था भरते आहे.